डोळ्यांना ओळखीचे, कानांना परके : चिनी मुलांना इंग्रजी ऐकणं-वाचणं का जड जातं

चीनमध्ये बारावी झालेल्या कुणालाही विचारा, ‘शर्ट केवढ्याला?’ उत्तर ठरलेलं असतं: नऊ पौंड पंधरा पेन्स. तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला ‘गाओखाओ’ म्हणतात. तिच्या इंग्रजीच्या पेपरात श्रवणाचे प्रश्न सुरू होण्याआधी एक नमुना प्रश्न छापलेला असतो. शर्टाची किंमत किती? पर्याय तीन: १९.१५, ९.१८ आणि ९.१५ पौंड. बरोबर उत्तरही तिथेच दिलेलं असतं. वर्षानुवर्षं तोच शर्ट आणि तीच किंमत. सराव परीक्षांमध्ये मुलांनी हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तिकडच्या तरुणांच्या थट्टामस्करीतही हा शर्ट येतो.

पण ते तीन आकडे नीट बघा. ‘नाइन’ आणि ‘नाइनटीन’, ‘फिफ्टीन’ आणि ‘एटीन’. तिन्ही आकडे कागदावर लिहून दिले तर तिसरीतलं मूलही ते वेगवेगळे ओळखेल. कानावर पडतात तेव्हा मात्र एका छोट्या ध्वनितुकड्याचा फरक असतो आणि तो निसटला की उत्तर चुकतं. चिनी मुलांच्या इंग्रजीतली खरी अडचण याच ठिकाणी आहे.

परीक्षेचा आवाका आधी सांगते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली गाओखाओ १९७७ साली पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण गुण ७५०. त्यात चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५०. परकीय भाषा म्हणून जपानी, रशियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशही घेता येतात, पण बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात. पेपर ८ जूनला दुपारी तीन वाजता. श्रवण अगदी सुरुवातीला असल्यामुळे परीक्षेच्या पंधरा मिनिटं आधी दार बंद होतं, त्यानंतर आलेल्याला आत घेत नाहीत. ज्या प्रांतांमध्ये राष्ट्रीय नमुन्याचा पेपर असतो तिथे श्रवणाचे २० प्रश्न आणि ३० गुण. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे मोठे संवाद आणि निवेदनं दोनदा. वाचनाला ५० गुण आहेत, आणि बाकीच्या पेपरातही वाचल्याशिवाय काही सोडवता येत नाही.

ही मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. चिनी शाळांमध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं हे २००१ साली ठरलं. बारावीपर्यंत साडेतीन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी मुलांनी पालथी घातलेली असते. व्याकरणाचे नियम तोंडपाठ असतात. तरीही, ज्यातला एकूण एक शब्द त्यांना येतो असं वाक्य कानावर पडलं की ते डोक्यावरून जातं. मग शिक्षक म्हणतात, शब्दसंपत्ती वाढवा. मला हा सल्ला पटत नाही. शब्द आहेतच, पण ते डोळ्यांच्या ओळखीचे आहेत. कानांशी त्यांची भेटच झालेली नाही.

हे समजायला चिनी भाषेचा आवाज थोडा ओळखावा लागतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अवयवांची, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनितुकड्यांची, संख्या फार कमी आहे: सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढ-उतार, बाजूला ठेवले तर सुमारे ४००, चार सूर धरले तर सुमारे १३००. असा प्रत्येक तुकडा स्वरावर संपतो, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ’वर, आणि बीजिंगकडच्या बोलीत ‘र’वर. शेवटी क, ट, प, स, द असलं काही येत नाही. जोडाक्षरं नाहीत. आता या कानावर इंग्रजीतले ‘आस्क्ड’, ‘टेक्स्ट्स’, ‘हेल्प्ड’ पडले तर काय होईल? ज्या जागी ऐकायची सवयच नाही, नेमक्या त्याच जागी इंग्रजीनं भूतकाळ आणि अनेकवचन ठेवलं आहे. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे त्या शेवटच्या ‘ट’-‘ड’कडे लक्ष द्यायला हवं असं आतून वाटतही नाही. ‘आय वॉक होम’ आणि ‘आय वॉक्ड होम’ यांतला फरक व्याकरणाच्या वहीत पक्का असतो, कानात नसतो.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट चटकन कळेल. आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार वेगळे ध्वनी आहेत. मँडरिनमध्ये त्यातले दोनच आहेत: प, आणि दोन्ही ओठ मिटून काढलेला फ. रोमन लिपीत चिनी लिहायची ‘पिनयिन’ पद्धत १९५८ साली आली, तिच्यात या दोघांना ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरं दिली. त्यामुळे आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्याचा उच्चार खरं तर ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. शब्दाच्या सुरुवातीला याचा त्रास होत नाही, कारण इंग्रज माणूसही ‘पेन’ म्हणताना ‘प’मागे हवा सोडतोच. त्रास होतो तो शेवटी. ‘कॅप’ आणि ‘कॅब’, ‘बॅक’ आणि ‘बॅग’. इंग्रजी बोलणारा शेवटचं व्यंजन पुष्कळदा अर्धवटच सोडतो, आणि फरक कळतो तो आधीच्या स्वराच्या लांबीवरून: ‘बॅग’मधला स्वर थोडा ओढलेला असतो. हे कुणी सांगितलंच नाही तर मूल शेवटच्या व्यंजनाची वाट बघत बसतं, आणि ते काही येत नाही.

आघाताचं, म्हणजे बोलताना दिलेल्या जोराचंही तसंच. मँडरिनमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर आणि वजन असतं. इंग्रजीत एका वाक्यातले दोन-तीन शब्द ठळक येतात आणि बाकीचे गिळले जातात. ‘आय कॅन डू इट’मधला ‘कॅन’ प्रत्यक्षात ‘कन’ होतो. ‘कान्ट’मधला ‘ट’ अमेरिकन बोलण्यात ऐकूच येत नाही, तिथे फक्त स्वर भरीव असतो. म्हणजे हो की नाही, हे एका ‘अ’च्या जाडीवर ठरतं. ‘नॉट अ‍ॅट ऑल’ हे तीन शब्द मिळून ‘नॉटटॉल’सारखं काहीतरी होतं. पुस्तकात शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. कुठे तोडायचं ते कानाला शिकावं लागतं, आणि ते ऐकूनच शिकता येतं.

‘ही’ आणि ‘शी’ यांची गंमत वेगळी. चिनी लिहिताना ‘तो’ आणि ‘ती’ यांची चिन्हं वेगळी आहेत, पण उच्चार एकच: ‘ता’. बोलताना हा भेद करायची गरज आयुष्यात कधी पडलेलीच नसते. परीक्षेत मात्र पुरुष आणि बाई बोलत असतात, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतात आणि प्रश्न येतो: बाई आता काय करणार? तिचा भाऊ काय करणार? कोण कुणाबद्दल बोलतंय याचा धागा एकदा सुटला की पुढचे तीन प्रश्न हातचे गेले.

आकड्यांच्या बाबतीत तर आपण त्यांचे जवळचे नातेवाईक. आपल्याकडे लाख-कोटी, त्यांच्याकडे दहा हजारांचा ‘वान’ आणि दहा कोटींचा ‘यी’. ‘थ्री हंड्रेड थाउजंड’ कानावर आलं की आपण मनात ‘तीन लाख’ करतो आणि ते ‘तीस वान’ करतात. तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. नकारार्थी प्रश्नांचंही असंच. ‘तू येणार नाहीस ना?’ याला आपण सहज ‘हो, नाही येणार’ म्हणतो, चिनी माणूसही तेच म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘नो’ म्हणावं लागतं. श्रवणाच्या संवादात ते ‘नो’ ऐकून उलटा अर्थ घेणारी मुलं पुष्कळ.

या सगळ्या अडचणी एकत्र आल्या की काय होतं ते दाखवायला परीक्षेच्या धाटणीचा एक छोटा संवाद रचते. मुलगा विचारतो, ‘आर यू कमिंग टु द लायब्ररी विथ अस आफ्टर स्कूल?’ मुलगी म्हणते, ‘आय वुड हॅव, बट माय ग्रँडमा इज इन टाउन.’ प्रश्न: शाळेनंतर मुलगी काय करेल? पर्याय: ग्रंथालयात जाईल, आजीसोबत वेळ घालवेल, दुसऱ्या गावी जाईल.

यात एकही अवघड शब्द नाही. पण ‘आय वुड हॅव’ हे बोलताना ‘आय्डव्’ इतकं आखूड होतं. ऐकणाऱ्याला त्यातला ‘वुड’ ओझरता लागतो आणि वाटतं, होकार दिला. ‘आले असते’ यातला ‘पण येणार नाही’ हा अर्थ क्रियापदाच्या रूपात दडलेला आहे, आणि रूप बदलणारं क्रियापद चिनीत नाही. ‘लायब्ररी’ स्पष्ट ऐकू आलेलं असतं, म्हणून पहिला पर्याय खुणावतो. ‘टाउन’ ऐकू आलं म्हणून तिसराही खुणावतो. बरोबर पर्यायातला ‘वेळ घालवणं’ हा शब्दप्रयोग संवादात कुठेच नाही. आजी गावात आली आहे, म्हणून नात घरी थांबणार, ही जोडणी ऐकणाऱ्यानं स्वतः करायची. आणि हे सगळं एकदाच ऐकून, दहाएक सेकंदांत.

शिकवणीवर्गांमध्ये यावर एक ठोकताळा शिकवतात: जे स्पष्ट ऐकू आलं ते उत्तर नसतं. वाचनासाठीही तसाच नियम: उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे आलेला पर्याय संशयास्पद, वेगळ्या शब्दांत तोच अर्थ सांगणारा पर्याय बहुधा बरोबर. हे ठोकताळे खोटे नाहीत, पेपर काढणारे खरंच तसे सापळे लावतात. पण अर्थ न कळताच पर्याय वगळायला शिकलेलं मूल विद्यापीठात इंग्रजी व्याख्यानाला बसतं तेव्हा तिथे पर्याय नसतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची उमेदीची वर्षं अशा युक्त्यांमध्ये जावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वाचन. इथे अडचण कानाची नसते, तरी मूळ तेच: शब्द येतात, वाक्य येत नाही. हे वाक्य बघा: ‘द वुमन हू फर्स्ट नोटिस्ड द बर्ड्स लीव्हिंग द लेक अर्लिअर एव्हरी इयर वॉज अ स्कूल टीचर विथ नो ट्रेनिंग इन सायन्स.’ मराठीत आपण म्हणू, ‘पक्षी दरवर्षी आधीच्या वर्षीपेक्षा लवकर तळं सोडून जातायत हे पहिल्यांदा हेरणारी बाई विज्ञानाचं काहीच शिक्षण नसलेली शिक्षिका होती.’ आपलं सगळं वर्णन बाईच्या आधी आलं आणि बाई शेवटी. चिनीतही अगदी असंच: ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ ही रचना तिथे शब्दशः त्याच क्रमानं लागते. इंग्रजीत बाई आधी येते, मग अकरा शब्दांचं वर्णन, आणि त्यानंतर कुठे ‘वॉज’ हे मुख्य क्रियापद. ‘वॉज’पर्यंत पोहोचताना वाचणाऱ्यानं ‘वुमन’ मनात धरून ठेवायची असते. चिनी मूल अशा ठिकाणी परत मागे जातं, वर्णन उचलून बाईच्या आधी आणून ठेवतं, मनात चिनी वाक्य जुळवतं आणि मग पुढे सरकतं. एका वाक्याला हे चालतं. अडीच-तीनशे शब्दांचे चार उतारे समोर असले की वेळ पुरत नाही.

आपल्याकडे निदान ‘जी बाई… ती’ अशी दुसरी वाट आहे, चिनीत तीही नाही. शिवाय मराठी मुलाच्या पदरात शाळेत जाण्याआधीच शेकडो इंग्रजी शब्द पडलेले असतात: स्टेशन, डॉक्टर, तिकीट, ऑपरेशन, बजेट. चिनी भाषा बाहेरच्या वस्तू बहुतेक स्वतःच्या शब्दांत नव्यानं घडवते, त्यामुळे कॉफी, सोफा असे मोजके अपवाद सोडले तर इंग्रजी शब्द फुकटात मिळत नाही. प्रत्येक शब्द कमवावा लागतो. या मुलांच्या मेहनतीबद्दल बोलताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कमवलेले शब्दही पुष्कळदा एकाच अर्थाला बांधलेले असतात, कारण ते यादीतून आलेले असतात: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे चिनी. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता. मग उताऱ्यात ‘अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम’ आलं की गाडी अडते. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ हा गाओखाओच्या पेपरातला ठरलेला प्रकार आहे. यादीबाहेरच्या शब्दाचा अर्थ उताऱ्यात शेजारी चिनीत देतात, पण असा ओळखीचा शब्द बिनअर्थाचा तसाच उभा असतो.

वाचनाचे उतारे साधारण चढत्या क्रमानं येतात. पहिला जाहिरात किंवा सूचनापत्रकासारखा, मग एखादी गोष्ट, मग माहितीपर लेख, शेवटी विज्ञान किंवा समाजाविषयीचं लिखाण. त्यानंतर एक वेगळा प्रकार असतो: पाच गाळलेल्या जागा आणि सात वाक्यं, त्यातली पाच योग्य जागी बसवायची. इथे शब्दार्थ फारसा कामाला येत नाही. ‘दिस’ म्हणजे नेमकं काय, ‘दे’ म्हणजे कोण, ‘हाउएव्हर’च्या आधी काय असणार, हे बघावं लागतं. चिनीत, आपल्यासारखंच, कर्ता कळत असेल तर गाळून टाकतात. इंग्रजी मात्र प्रत्येक वाक्यात मागच्या वाक्याची खूण सोडत जाते, आणि त्या खुणा वाचायची सवय मुलांना नसते.

सगळ्या चिनीभाषक मुलांची स्थिती सारखी नाही. हाँगकाँगच्या मुलांची कँटनीज भाषा शब्दाच्या शेवटी प, ट, क ठेवते, त्यामुळे त्यांचा कान त्या जागेला सरावलेला असतो, जरी ते ध्वनी अर्धेच उच्चारले जात असले तरी. तिथली डीएसई ही शालान्त परीक्षा २०१२ पासून आहे आणि तिचा श्रवणाचा पेपर बऱ्याच केंद्रांवर रेडिओवरून ऐकवला जात आला आहे. मुलं स्वतःचा छोटा रेडिओ आणि इअरफोन घेऊन परीक्षेला बसतात. तैवानमध्ये मुलं चिनी उच्चार ‘बोपोमोफो’ या वेगळ्या चिन्हांनी शिकतात, रोमन अक्षरं त्यांना इंग्रजीसोबतच भेटतात. मुख्य भूमीवरच्या मुलांना पहिलीतच पिनयिनमधून रोमन अक्षरं कळलेली असतात, पण वेगळ्या उच्चारांची. शी जिनपिंग यांच्या नावातला ‘शी’ रोमन लिपीत ‘एक्स’नं लिहितात, हे आठवलं तर गोंधळ किती होत असेल ते कळेल.

मग करायचं काय? मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो उपाय साधा आहे: जे वाचून पूर्ण कळलं आहे तेच ऐकायचं. नवा, अवघड उतारा ऐकवून मुलांची परीक्षा घेत राहण्यात ऐकण्याचं शिक्षण होत नाही, नुसतं मोजमाप होतं. एका मिनिटाचा संवाद घ्यावा. आधी कागदाशिवाय ऐकावा. मग संहिता समोर ठेवून ऐकावा आणि जिथे कान हुकला तिथे पेन्सिलनं खूण करावी. खुणा बघितल्या की मूल चकित होतं, कारण खुणेखालचा शब्द बहुधा ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘देम’ असा पहिल्या वर्षी शिकलेला असतो. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा, त्याच्या मागोमाग त्याच वेगानं म्हणावा, आणि शेवटी कागद बाजूला ठेवून संपूर्ण संवाद परत ऐकावा. गाणं शिकताना कान तयार करतात तसंच हे काम आहे, आणि तितकंच सावकाश होणारं. वीस-तीस सेकंदांचं श्रुतलेखनही उत्तम. स्पेलिंग तपासायला नव्हे, तर कुठले ध्वनी पोहोचले नाहीत ते बघायला.

वाचनासाठी सोपं आणि भरपूर. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशोब या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो: मजकुरातले १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असतील तर मदतीशिवाय नीट समजतं, आणि सर्वसाधारण कादंबरी-वृत्तपत्रं त्या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) यावी लागतात. साडेतीन हजारांच्या यादीवर थांबलेल्या मुलाच्या हाती मूळ इंग्रजी वृत्तपत्र देऊन ‘वाच’ म्हणणं म्हणूनच क्रूरपणाचं आहे. त्याला त्याच्या पातळीची, सोप्या केलेल्या गोष्टींची पुस्तकं हवीत, ज्यात पानामागे दोन-चारच शब्द नवे असतील आणि न थांबता पुढे जाता येईल. लांब वाक्यांची क्रमवारी वेगानं वाचूनच अंगवळणी पडते. तोडून, उलटवून, चिनीत आणून वाचलं तर नाही.

परीक्षा घेणाऱ्यांनीही काही चांगली पावलं उचलली आहेत. बीजिंगमध्ये २०२१ पासून श्रवण आणि संभाषण मिळून ५० गुणांची परीक्षा संगणकावर होते, म्हणजे ऐकलेल्याला उत्तर द्यावं लागतं. चच्यांग प्रांतात २०१६ साली पहिल्यांदा आणि नंतर इतरत्र आलेला प्रश्न मला विशेष आवडतो. साडेतीनशे शब्दांच्या आसपासची अर्धी गोष्ट देतात आणि मुलांनी सुमारे दीडशे शब्दांत ती पुरी करायची, २५ गुणांसाठी. पात्रं कशी वागतील हे कळलं नसेल तर पुढे लिहिता येत नाही. तिथे ठोकताळे चालत नाहीत, वाचलेलं खरोखर समजावं लागतं.

पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे सगळं कसं जमणार, असं कुणी विचारेल. चिनी शाळांमध्ये सकाळी पहिल्या तासाआधी मोठ्यानं पाठांतर करायची वेळ राखलेली असते, त्यात इंग्रजीचे धडे सगळा वर्ग एका सुरात घोकतो. त्यातले आठवड्याचे दोन दिवस काढून आदल्या आठवड्यात शिकवून झालेल्या धड्याचं ध्वनिमुद्रण नुसतं ऐकवावं, आधी पुस्तक बंद ठेवून आणि मग उघडून. ध्वनिमुद्रण पाठ्यपुस्तकासोबत मिळतंच, वेगळी तयारी लागत नाही. मुलांनी वहीत फक्त निसटलेले शब्द लिहावेत, आणि शिक्षकानं महिन्याअखेर त्या वह्या चाळाव्यात. वर्गातल्या बहुतेकांचे शब्द तेच असतील, आणि पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते त्यातून ठरवता येईल.